बोरखडीला कोणी चढत नाही

पुढील स्थानक हिवरीफाटा. दरवाजे डावीकडे उघडतील.

०

दोनशे दहा मुलींच्या वसतिगृहात सकाळचे पोहे करायचे तर बारा किलो पोहे भिजवावे लागतात. कांदा चिरणारी बाई पावणेसातच्या आत यावी लागते. सात वाजता आली तर उपयोग नाही.

०

मरीमायचा दगड क्रेननं अकरा मीटर सरकवला, तेव्हा क्रेनच्या आकड्याला लिंबू-मिरची बांधली होती. चालवणारा बिहारचा होता. नारळ त्यानं स्वतःच आणला.

०

रकाना १७. स्थानिक लोकांच्या चालण्यात काही विशेष आढळते का?
उत्तर : विशेष काही नाही.

०

शेळी जिना चढते तेव्हा खुरांचा आवाज माणसाच्या टाचेपेक्षा हलका आणि पाठोपाठचा असतो. कुत्र्याचा त्याहून हलका. पन्हाळीतून पडणाऱ्या थेंबाचा त्याहून. यंत्राला हे सगळं ओळखायला आणि टाकून द्यायला शिकवलेलं असतं.

०

"मॅडम, बोरखडीला तुमची भुतं चढते का हो?"

किमी ०. सीताबर्डी, नियंत्रण केंद्र

हे विचारणारा अश्फाक शेख होता. ब्रेक विभागातला; ब्रेकसाठी डब्यांचं वजन मोजायचं काम त्याच्याकडं. चहाचा कप घेऊन तो हर्षदाच्या टेबलाशी आला तो अशा थाटात, की जणू लग्नाचं आमंत्रण द्यायला आलाय.

"तुमचं यंत्र म्हणते, काल पाच बावन्नच्या गाडीत बोरखडीला चार माणसं चढली. माझा डबा म्हणते, तिथं नऊ टन वाढले. चार माणसं नऊ टनाची?"

"ब्रेकचा सेन्सर बिघडला असेल."

"सहाच्या सहा डब्यांचा? आणि फक्त बोरखडीलाच?" अश्फाकनं फुंकर मारून चहा प्यायला. "एक तर भुतं चढते, नाहीतर हत्ती."

"भुतांना वजन नसतं."

"मंग हत्ती," तो म्हणाला आणि गेला.

हर्षदा उमरेडकर जांभळ्या मार्गिकेवर सेवा नियोजक होती. कोणती गाडी कुठं थांबेल आणि कुठं थांबणार नाही, हे ती ठरवायची. ठरवायची म्हणजे यंत्राचे आकडे वाचायची आणि सही करायची. सीताबर्डीहून उमरेडपर्यंत शेहेचाळीस किलोमीटर, बावीस स्थानकं, चालकाविना गाड्या. मार्गिका चालवणाऱ्या 'पूर्वगती' कंपनीनं उमरेडच्या लोकांना एक्कावन्न मिनिटांचा प्रवास कबूल केला होता. प्रत्येक थांबा त्यातली दीड मिनिटं खात होता. म्हणून दोन वर्षांपूर्वी नियम केला होता : नव्वद दिवसांची सरासरी चारशेच्या खाली गेली की, सगळ्यांत रिकामं आधी, एकेक स्थानक झोपवायचं. कंपनीचा शब्द तोच होता. झोपवणे. दिवे अर्धे करायचे, जिन्याला साखळी लावायची, गाडी न थांबता पुढं काढायची.

तिकीट नव्हतं. मेट्रोचा पैसा घरपट्टीतूनच कापला जायचा, त्यामुळे दारं, कार्डं, रांगा सगळं गेलं होतं. चेहरे टिपणारे कॅमेरे कायद्यानं बंद झाले होते. मग चढणारी माणसं मोजायची कशी? पायांवरून. फरशीखाली काचेची तार घातली होती, ती पावलं ऐकायची. चेहरा नाही, नाव नाही, फक्त पाऊल. कोणाची हरकत नव्हती.

एक एप्रिलपासून झोपणाऱ्या स्थानकांच्या यादीत या वेळी एकच नाव होतं. बोरखडी. रोजची सरासरी अठ्ठावन्न.

बोरखडी हर्षदाचं माहेर. आईवडील राहिले नव्हते, पण थोरली बहीण नलू तिथंच दिलेली होती. बारा वर्षांपूर्वी हर्षदा कंपनीच्या भूसंपादन विभागात नवी नवी लागली, तेव्हा समाजमंदिराच्या ओट्यावर उभं राहून तिनंच सांगितलं होतं, की जमीन द्या, गाडी इथं थांबेलच. सगळ्यांत आधी अर्धा एकर दिला तो नलूनं. धाकटी बहीण बोलली म्हणून.

मोबाइल वाजला. नलूच होती.

"हर्षे, ठेसनावर कागद लागला."

"हो ताई."

"तुले माहीत होतं?"

"माझीच सही आहे त्यावर."

पलीकडे नलूनं शिट्टी वाजणारा कुकर उतरवला. मग नलू म्हणाली, "कागदावर लिवलं हाये का इथं कोनी चढत नाई. मी कोन हाये मंग?"

किमी १७. तलावफाटा

गाडी थांबत नाही.

किमी २६. बोरखडी

सोळा मार्चला हर्षदा पहाटेची पहिली गाडी पकडून बोरखडीला उतरली. अश्फाकची पहिली पाळी होती. त्याला तिनं आपल्या पडद्यासमोर बसवून ठेवलं होतं.

"पोचल्या का, मॅडम?" त्यानं फोनवर विचारलं.

"पोचले. फलाटावर उभी आहे."

"नाही ना."

"काय नाही?"

"तुम्ही उतरल्या नाही. पाच अठराच्या गाडीतून बोरखडीला शून्य उतरले."

"अहो, मी इथं उभी आहे!"

"असाल. इथं नाही दिसून राहिल्या."

फलाट हळूहळू भरत होता. दुधाचे कॅन, डबे, एका बाईच्या डोक्यावर पालकाच्या जुड्या, दोन नर्स, गवंडीकामाला जाणारी आठ-दहा माणसं. अर्ध्या तासात दीडशे तरी जमले असावेत. हर्षदानं मोजायला सुरुवात केली, तेवढ्यात नलू जिना चढून आली. शेहेचाळीस वर्षांची, काटक. शहरातल्या मुलींच्या वसतिगृहात ती स्वयंपाकाला होती. पाच बावन्नची गाडी गेली तर तिचं काम गेलं. पुढची एसटी सहा चाळीसला निघायची.

"आली का साहेबीन?" नलू म्हणाली. "मोजून घे. मी एक. आन् हे काय, चपला हातात घिऊन काउन उभी हायेस? ठेव ना पिशवीत."

हर्षदानं आपल्या हाताकडं पाहिलं. दोन सँडल. गाडी थांबायच्या आधी, दार उघडण्यापूर्वी, तिनं त्या कधी काढल्या ते तिला आठवेना.

मग तिनं फलाटाकडं पाहिलं. खाली, पायांकडं.

दीडशे माणसं अनवाणी होती. चपला पिशवीत, काखेत, दोन बोटांत लोंबकळत. नर्सांचे पांढरे बूट पर्सच्या पट्ट्याला बांधलेले. फलाटाच्या बरोबर खाली, खांब क्रमांक तीनच्या पायथ्याशी, मरीमाय होती. स्थानक बांधताना तिला सरकवलं ते नेमकं तिथं. तिच्या डोक्यावरून पायताण घालून कोण चालणार? जिन्याच्या पहिल्या पायरीला काढायच्या, गाडीत बसल्यावर घालायच्या. येताना उलट. कोणी सांगितलं नव्हतं, पाटी लावली नव्हती. सात वर्षं चाललं होतं.

"अश्फाकभाई," ती फोनमध्ये म्हणाली, "आता बघा."

तिनं सँडल घातल्या आणि फलाटावर टाचा आपटत दहा पावलं चालली.

"ओ बाई!" दुधाच्या कॅनवर बसलेले एक म्हातारे ओरडले. "खाली माय हाये! डोळे फुटले का?"

"आली! आली!" अश्फाक तिकडून ओरडला. "एक माणूस आला!"

तिनं सँडल काढल्या आणि परत दहा पावलं चालली.

"गेला."

"मेंदू फिरला हिचा," म्हातारे नलूला म्हणाले. "शहरात असंच होते."

पाच बावन्नची गाडी आली. दारं उघडली, दीडशे माणसं चढली, दारं मिटली. फोनमधून अश्फाकचा आवाज आला, आता त्यात थट्टा नव्हती : "तीन चढले, मॅडम. माझ्याकडं नऊ टन."

०

यात जादू काही नव्हती. काचेची तार केसाएवढी बारीक. तिच्या एका टोकातून सेकंदाला हजारो वेळा प्रकाशाचा ठिपका सोडतात. काच कितीही शुद्ध म्हटली तरी तिच्यात वाळूच्या कणाहून लहान खोट असते; प्रत्येक खोटीवर आपटून प्रकाशाचा एक अंश मागं येतो. वर कोणी पाऊल टाकलं की फरशी थरथरते, तार ताणली जाते, परमाणूच्या मापात मोजावी एवढीच, पण मागं येणाऱ्या प्रकाशाची लय बदलते. किती अंतरावरच्या खोटीतून लय बदलली ते कळलं की पाऊल कुठं पडलं ते कळतं. अशानं तारेचा प्रत्येक मीटर एक कान होतो. भूकंप असेच ऐकतात, तेलाच्या नळातली गळती अशीच शोधतात.

पुढचं काम ओळखण्याचं. बूट घातलेल्या माणसाच्या पावलात तीन भाग असतात : टाचेचा ठोका, तळव्याचं लोळणं, चवड्याचा रेटा. ठोका सगळ्यांत मोठा आणि स्वच्छ. यंत्रानं त्यालाच धरलं. जिथं ठोका तिथं माणूस. अनवाणी माणूस टाच आपटत नाही. आपटली तर दुखते. तो पाऊल ठेवतो. टाचेची गादी धक्का गिळते, ठोका उमटतच नाही, हलका धप्प असा आवाज येतो. यंत्राच्या वर्गवारीत त्यासाठी एक पेटी होती. तिचं नाव 'इतर'. शेळ्या, कुत्री, थेंब.

हर्षदानं त्या दिवशी ऑफिसात बसून बोरखडीची 'इतर' पेटी उघडली. रोजची सरासरी सहाशे बारा.

मग तिनं सात वर्षांपूर्वीचा चाचणीचा अर्ज उघडला. चाळीस मजूर दोन दिवस बोरखडीचा जिना चढले-उतरले होते. सुरक्षेच्या नियमानुसार सगळ्यांच्या पायांत लोखंडी टोकाचे बूट. मरीमाय तेव्हा कामापुरती नलूच्या वावरात ठेवलेली. अर्ज स्थानिक अधिकाऱ्यानं भरायचा म्हणून तो हर्षदाकडं आला होता. गाव तिचंच, विचारायचं कोणाला? दहा मिनिटांत भरून झाला. परका कोणी असता तर त्यानं चार दिवस गावात काढले असते, लोकांना भलते प्रश्न विचारले असते, आणि त्यातला एखादा प्रश्न देवळापुढच्या चपलांच्या ढिगाबद्दल असता. हर्षदाला तो ढीग लहानपणापासून दिसत होता, त्यामुळे तो तिला दिसलाच नाही.

रकाना १७. विशेष काही नाही. खाली तिची सही.

त्या अर्जाच्या जोरावर यंत्राला प्रमाणपत्र मिळालं होतं, आणि त्या प्रमाणपत्राच्या जोरावर बाविसाच्या बावीस स्थानकांत तार टाकली होती.

किमी ०. काळबांडे साहेबांची केबिन

नियोजन प्रमुख काळबांडे वाईट माणूस नव्हता. त्यानं सगळं ऐकलं, पंखा वाढवला आणि म्हणाला, "सोपं आहे. अठरा ते एकतीस, चौदा दिवस. तेवढे दिवस लोकांना चपला घालून चढायला सांगा. चौदा दिवस चारशेच्या वर गेले की नाव यादीतून आपोआप निघते. नियमातच आहे."

"आणि यंत्र?"

"यंत्राचं मग पाहू."

"मग म्हणजे?"

"मग म्हणजे मग, मॅडम. उमरेडच्या पुढच्या टप्प्याचं नियोजन तुमच्याकडं येऊन राहिलं, ऑर्डर टाइप झालीय. आत्ता प्रमाणपत्राला हात लावाल तर सगळं वेळापत्रक गोठते. जे उभं आहे ते तसंच राहील, तोडकामही थांबेल, थांब्यांचं जे मंजूर झालं ते होईल, नवा थांबा द्यायचा नाही, घ्यायचा नाही, फेरतपासणी होईपर्यंत. आठ महिने, वर्ष. बोरखडी एक तारखेला बंद होईल ती होईलच. तुम्हाला बहिणीचं स्टेशन वाचवायचं आहे ना? वाचवा."

किमी २६. बोरखडी

नलू अडून बसेल असं हर्षदाला वाटलं होतं. नलूनं कणीक मळता मळता ऐकून घेतलं.

"चौदाच दिवस ना?"

"चौदाच."

"मंग देवीले मी सांगतो. म्हनीन, माय, पंधरा दिवस डोळे मीट, लेकरायचं काम हाये." तिनं कणकेचा गोळा परातीत आपटला. "पन आधी ओटी भरा लागन. आन् तो दुधवाला बुढा, त्याले तू समजव. त्याचं माझ्याच्यानं होत नाई."

दुधवाल्या म्हाताऱ्यांना समजवायला सव्वा तास लागला. शेवटी ते म्हणाले, चपला घालीन, पण मुलाच्या घालीन. पाप त्याच्याकडं जाईल, त्याला सवय आहे.

अठरा तारखेला बोरखडीचा आकडा सहाशे एकतीस आला. एकोणीसला सहाशे अठ्ठावन्न. ऑफिसात कोणीतरी विचारलं, बोरखडीत काय नवीन कारखाना आला का? लोक फलाटावरून पाय चोरत चालायचे आणि यंत्र समाधानानं मोजायचं. नलू रोज उतरताना खाली जाऊन खांब क्रमांक तीनपाशी हात जोडायची. चौथ्या दिवशी तिनं काही कामाशिवाय, सहज फोन केला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"येत जाय मधी मधी," ती म्हणाली. "सरकारी कामालेच येतं तू."

किमी १७. तलावफाटा

पंचवीस मार्चला सकाळी हर्षदा बोरखडीहून परत येत होती. सिग्नलमुळे गाडी वेग कमी करत करत तलावफाट्याच्या रिकाम्या फलाटाशी जवळपास उभी राहिली. दारं उघडली नाहीत. हे स्थानक दोन वर्षांपूर्वी झोपवलेलं. सरासरी एक्केचाळीस. सही तिचीच. तेव्हा कोणी ओरडलं नव्हतं, कागद वाचून कोणाचा फोन आला नव्हता.

खिडकीतून खालचा रस्ता दिसत होता. तलावाकडून धिवरटोलीची माणसं ओळीनं चालत निघाली होती, नुकत्याच मागं पडलेल्या हिवरीफाटा स्थानकाच्या दिशेनं. पुरुषांच्या खांद्यावर जाळी, बायांच्या डोक्यावर मासळीच्या टोपल्या, टोपल्यांतून पाणी गळतंय. गुडघ्यापर्यंत चिखल. चिखलातून निघालेल्या पायांत चप्पल घालून काय करायचं? सगळी अनवाणी.

ऑफिसात पोचल्यावर तिनं पर्सही खाली ठेवली नाही. तलावफाट्याची दोन वर्षांपूर्वीची 'इतर' पेटी उघडली.

आठशे सत्याण्णव.

तिनं वेळापत्रकाची फाइल काढली. अठ्ठावीस मार्चपासून तलावफाट्याचा फलाट तोडायला घेणार होते; त्याचं लोखंड पुढच्या टप्प्याला लागणार होतं. तोडलेला फलाट परत बांधला जात नाही. आणि बोरखडीचे चौदा दिवस एकतीसला पुरे होणार होते. मध्ये तीन दिवस.

तिनं काळबांडेला विचारलं, तोडकाम आठवडाभर पुढं ढकलता येईल का?

"कारण काय लिहू?" काळबांडे म्हणाला. "तुम्ही लिहून द्या, मी ढकलतो. लिहून दिलं की सगळंच गोठते, हे तुम्हाला माहीत आहे. कारणाशिवाय मी लोखंड कापणारा कटर थांबवू शकत नाही."

किमी २६. बोरखडी

सव्वीसच्या संध्याकाळी नलू अंगणात वाल सोलत बसली होती. हर्षदानं तिला सगळं सांगितलं. आकड्यांसकट.

"म्हंजे तू कागद देशीन."

"उद्या."

"आन् आमचं ठेसन बंद होईन."

"काही महिने. फेरतपासणी झाली की—"

"नऊ दिवस," नलू म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "नऊ दिवस देवीच्या डोक्यावर चपला घिऊन चाललो आमी. सारं गाव. तू म्हनली म्हून. आधी जमीन दिली, ते बी तू म्हनली म्हून."

"ताई, तिकडं नऊशे माणसं दोन वर्षं चार-चार किलोमीटर—"

"त्यायले मी ओळखतो का?"

"नाही."

"तू ओळखतं?"

"नाही."

"तुले खरं बोलाचं हाये त बोल ना. पन तुह्या खऱ्यासाठी चालाचं मी! तू त गाडीनं जाशीन."

भाऊजी आतून बाहेर आले, दोघींकडं पाहिलं आणि परत आत गेले.

"मी तुला स्कूटर घेऊन देते," हर्षदा म्हणाली. म्हटल्याबरोबर तिला कळलं की हे बोलायला नको होतं.

नलूनं वालाचं सूप उचललं. "पोळ्या हायेत. खाऊन जाय," ती म्हणाली आणि उंबरा ओलांडताना मागं न बघता पुढं म्हणाली, "मंग नको येऊ."

हर्षदानं दोन पोळ्या खाल्ल्या. एकटीनं, चुलीजवळ. परतीच्या गाडीत चढायला जिन्याशी आली तेव्हा समोरून उतरणारी माणसं आज्ञाधारकपणे चपला आपटत येत होती. कोणी कोणी तिला हात केला.

किमी ०. नियंत्रण केंद्र

सत्तावीस मार्च, सकाळी अकरा चाळीस. टिपण दोन पानांचं. पहिलं वाक्य : रकाना १७ मधले माझे उत्तर चुकीचे होते. सोबत 'इतर' पेटीचे आकडे, ब्रेक विभागाचे वजनाचे आकडे. त्यावर अश्फाकनं कोणी न मागता स्वतःची सही केली होती.

"मला वाटलं हत्ती निघतील," सही करून तो म्हणाला.

पुढं जे झालं ते काळबांडे म्हणाला होता तसंच झालं. प्रमाणपत्र स्थगित झालं. वेळापत्रक गोठलं. तलावफाट्याला कटर आणि ट्रक येऊन पोचले होते; दुपारी ते रिकामे परत गेले. पुढच्या टप्प्याची ऑर्डर दुसऱ्याच्या नावानं टाइप झाली. एक एप्रिलला सकाळी बोरखडीच्या जिन्याला साखळी लागली आणि पाच बावन्नची गाडी पाच बावन्नलाच बोरखडीवरून पुढं गेली.

हर्षदाला काढलं नाही. तिचे सहीचे अधिकार काढून हातमोजणीला लावलं. फेरतपासणीच्या नियमात होतं, की यंत्रावर संशय असेल तिथं माणसानं उभं राहून माणसं मोजायची. ती आधी तलावफाट्याला उभी राहिली. धिवरटोलीत आदल्या दिवशी जाऊन तिनं सांगून ठेवलं होतं, की गाडी थांबणार नाही, नुसतं जिना चढून या, मोजायचं आहे. पहिल्या सकाळी दोनशे चौदा माणसं आली. टोपल्या घेऊन चढली, गाडी समोरून गेली, टोपल्या घेऊन उतरली आणि हिवरीफाट्याकडं चालू लागली. मंजुळा नावाच्या एका बाईनं विचारलं, "उद्या बी येवाचं का?" हर्षदा हो म्हणाली. दुसऱ्या दिवशी तीनशे साठ आली.

नंतर ती बोरखडीला चार आठवडे मोजायला होती. नलू तिला तिथं दिसली नाही. जिन्याशी चढायला गाव यायचं, नलू यायची नाही. ती त्याआधीच निघून गेलेली असायची. भाऊजी डबा आणून द्यायचे. डब्यात काय आहे ते सांगायचे आणि कोणी दिलाय ते सांगायचे नाहीत.

यंत्राला नव्यानं शिकवलं गेलं. यावेळी जिना चढायला मजूर आणले नाहीत. धिवरटोलीची आणि बोरखडीची माणसं दोन महिने वर-खाली करत होती. अनवाणी, ओल्या पायांनी, चिखलानं, डोक्यावर वजन घेऊन, कडेवर मूल घेऊन. दुधवाल्या म्हाताऱ्यांनी यंत्राला फसवायला म्हणून एकदा शेळी खांद्यावर घेतली. यंत्रानं एक माणूस मोजला. रकाना १७ आता तीन पानांचा झाला होता.

तेवीस ऑक्टोबरला फेरतपासणी संपली. चोवीसला दोन्ही स्थानकांच्या साखळ्या काढल्या.

किमी २६. बोरखडी

पाच बावन्नची गाडी थांबली. हर्षदा आदल्या स्थानकावरून बसून आली होती, आकडा जुळतो का ते पाहायला. दारं उघडली. माणसं चढली, बसली आणि सगळ्यांनी वाकून चपला घातल्या. डबाभर टाचांचे आवाज झाले.

नलू तिच्यासमोर येऊन उभी राहिली. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं.

"सरक," नलू म्हणाली.

हर्षदा सरकली. नलू बसली. पिशवीतून तिनं कागदाची पुडी काढली आणि दोघींच्या मध्ये सीटवर उघडून ठेवली. उकडलेले शिंगाडे.

"मंजुळा देते," ती समोर बघत म्हणाली. "चालत जात होतो ना मी हिवरीफाट्यापर्यंत, तिथं रोज भेटाची. तिचा नवरा लय बदमाश हाये." मग पुडी पुढं सरकवत, "खाय. गार होऊन राह्यले."

दोघी शिंगाडे सोलत बसल्या. हिवरीफाटा गेला. तलावफाट्याला गाडी थांबली आणि डबा मासळीच्या वासानं भरला.

हर्षदाच्या मोबाइलवर अश्फाकचा संदेश आला : बोरखडी एकशे बासष्ट. माझे टन जुळले.

बोरखडी बंद होती त्या दोनशे सहा दिवसांत नलू वसतिगृहात एकदाही उशिरा पोचली नाही.